मुरू द्या एक पावसाळा

आमच्या स्वयंपाकघरात अळिवाचे दोन डबे आहेत. एक लाडवांचा. दुसरा छोटा, स्टीलचा, झाकणावर सुनेने मार्करने 'बाग' असं लिहिलेला. या दुसऱ्या डब्यातलं बी मी खत तपासायला वापरते. मशरूम काढून झाल्यावर उरलेलं खत बागेत घालावं का, कधी घालावं, किती घालावं, हे मला हल्ली बरेच जण विचारतात. परसातल्या भाज्यांचे फोटो मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकत असते ना, त्यामुळे. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

आमचं घर इंदूरला, लोकमान्यनगरात. मागे साधारण १२ फूट बाय २० फुटांचं परस आहे. माती माळव्याची, काळी. 'मालव भूमि गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर' हे इथल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण घरामागच्या मातीचं दुखणं वेगळंच. बांधकामाच्या वेळी ती ट्रकांनी तुडवली, वर मुरूम आणि विटांचे तुकडे पडले, आणि पुढे ३० वर्षं ती बोअरचं जड पाणी पीत राहिली. मे महिन्यात तिला अशा भेगा पडायच्या की माझा अख्खा तळहात आत जायचा. जुलैत तीच माती चपलेला चिकटून चप्पल पायातून काढून घ्यायची. कोरडी असली की कुदळ उसळून परत येते, ओली असली की कुदळीला लोण्यासारखी लिंपते. वाफसा, म्हणजे ना कोरडी ना चिकट अशी बेताची ओल, येतो तो फक्त चार-पाच दिवस, तेवढ्यात काय करायचं ते करून घ्या.

पूर्वी गल्लीच्या टोकाला गोठा होता, शेणखताची टोपली हाक मारली की यायची. आता शहरात गोठे उरले नाहीत. घरचा ओला कचरा आणि सुकी पानं मी कुजवते, पण त्यातून वर्षाला दोन-तीन पोतीच मिळतात. एवढ्या जागेला ती कुठे पुरणार?

तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याच्या मित्राने इंदूरजवळ सिमरोलच्या बाजूला बटन मशरूमचं छोटं युनिट टाकलं. आमच्याकडे मशरूम थंडीत होतात. नोव्हेंबरच्या आसपास बी पेरतात, फेब्रुवारीच्या शेवटी, फार तर मार्चमध्ये शेवटचा बहर येतो आणि मग खोल्या रिकाम्या करतात. एक किलो मशरूममागे साधारण पाच किलो खत उरतं. त्या मुलाच्या शेडमागे पिशव्यांची भिंत उभी राहिली होती. मी गेले तर म्हणाला, "आंटीजी, जितनी चाहिए ले जाओ। सीधी क्यारी में डाल दो, सोना है सोना।" मी २० पिशव्या लोडर रिक्षात घालून आणल्या.

पहिली पिशवी फाडली तो दिवस मला अजून आठवतो. वर दोन बोटं जाडीचा काळपट, भुसभुशीत थर, त्याला ते केसिंग म्हणतात. खाली तपकिरी भुसा, बोटांत धरला की मोडणारा, आणि त्या सगळ्याला बांधून ठेवणारे कापसासारखे पांढरे धागे. वास पहिल्या पावसानंतरच्या अंगणासारखा. मूठ दाबून सोडली की हळूच परत फुलायचं. इतकं सुंदर खत मी आधी कधी हातात घेतलं नव्हतं. आमच्या मातीच्या ढेकळांशेजारी ते ठेवलं आणि मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

त्याच आठवड्यात आठ पिशव्या वाफ्यांत मिसळल्या आणि फरसबी, गवार, भेंडी, थोडी मेथी पेरली. महिना मार्चचा, पाणी बोअरचं.

फरसबी जवळजवळ उगवलीच नाही. जी पाच-सहा रोपं वर आली त्यांच्या पानांच्या कडा विडीने चटका दिल्यासारख्या करपल्या. मेथी उगवून चौथ्या दिवशी आडवी झाली. भेंडी जगली, पण गुडघ्याएवढी होऊन थांबली. कडेच्या कुंड्यांना पांढरी पपुद्र्यासारखी साय आली होती. मी बोटावर घेऊन जिभेला लावली, खारट लागली. एवढ्यावरून मला कळायला हवं होतं, पण मी अजून पाणी घालत बसले, तेही बोअरचंच. उरलेल्या १२ पिशव्या भिंतीशी लावून ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघणं बंद केलं.

मी २७ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. तिथे एक सवय हाडात भिनते: शेजारी कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, ठेवल्याशिवाय कुठल्याही रिपोर्टवर सही करायची नाही. बागेत मात्र मी एकही वाफा बिनखताचा ठेवला नव्हता. त्यामुळे बी खराब, ऊन खराब की खत खराब, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं.

मग जून लागला. आमच्या सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, देवासला वाड्यात वाढलेल्या. एक दिवस काठी टेकत मागे आल्या, एका फुटक्या पिशवीत हात घातला आणि म्हणाल्या, "अगं, हे ऊन लागतंय अजून. मुरलं कुठे? उकिरडा कधी असा निघाल्या निघाल्या शेतात नेतात का? ओत सगळं बाहेर, पाऊस लागू दे त्याला." मी हात घातला. खरंच, आत कोमट होतं.

तेव्हा मी त्या मुलाकडे परत गेले, आणि या वेळी घ्यायला नाही, विचारायला. हे बनतं कसं? त्याने सगळं दाखवलं. गव्हाचा भुसा भिजवायचा, त्यात कोंबडीखत, कोंडा, थोडा युरिया, आणि क्विंटलभर भुश्शाला दहा किलोच्या आसपास जिप्सम. ढीग लावायचा. तो आतून ७० अंशांवर तापतो. लांब पद्धतीने करायचं तर २८ दिवसांत सात-आठ वेळा ढीग उलटायचा. आणि मग तो थांबवायचा. पूर्ण कुजू द्यायचं नाही, कारण पुढे त्या भुश्शावरच बुरशीला जगायचं असतं. म्हणजे मशरूमवाल्याचा ढीग मुद्दामच अर्ध्या वाटेवर थांबवलेला असतो. त्यानंतर बुरशी आपल्याला हवं तेवढं खाते, मशरूम देते, आणि उरलेलं काम तसंच राहतं. शिवाय कोंबडीखत, युरिया आणि जिप्सम यांचे क्षार त्यात तसेच राहतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, भुसा आटत जातो तसे ते अजून दाट होतात. मी ते अर्धं शिजलेलं, खारट खत मार्चच्या उन्हात, आधीच क्षार असलेल्या पाण्याबरोबर, सगळ्यात नाजूक फरसबीला दिलं होतं. फरसबीला खारटपणा अजिबात सोसत नाही.

हे ऐकताना मला आपल्या गावाची एक गोष्ट नव्याने कळली. ढीग लावून, उलटून, कचऱ्याचं खत करण्याची जी रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती इथलीच. १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते आणि रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड सांभाळत. दोघांनी मिळून १९३१ मध्ये या कामावर पुस्तक लिहिलं. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले होते तेव्हा त्यांनीही ही संस्था पाहिली. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, राख, असे थर लावायचे, तीनदा उलटायचे आणि तीन महिन्यांत खत तयार. मी त्या कॉलेजच्या भिंतीजवळून कितीतरी वर्षं कामाला जात होते, आणि वाड हे नाव मला साठीत कळलं. हॉवर्ड आणि वाडांचा ढीग तीन महिने चालायचा, मशरूमवाल्याचा चार आठवड्यांत थांबतो. मधलं अंतर आपण भरून काढायचं, एवढंच काम आहे.

मग मी तेच केलं. १२ पैकी ११ पिशव्या रिकाम्या केल्या. प्लास्टिक सकाळच्या कचरागाडीत सुक्या कचऱ्यात दिलं. पिशव्या उघडताना बारीक काळ्या माश्या उठतात, त्यामुळे हे काम घरात किंवा गॅलरीत करू नका, उन्हात करा. ढीग कमरेएवढा लावला, नाल्यापासून आणि बोअरपासून लांब, जिथे खालून झिरपलेलं पाणी मोकळ्या जमिनीतच जिरेल अशा जागी. पहिल्या मोठ्या पावसात त्याखालून चहाच्या रंगाचं पाणी निघालं. दर तीन-चार आठवड्यांनी फावड्याने उलटलं, आतलं बाहेर, बाहेरचं आत.

आषाढात एका सकाळी ढिगावर पांढऱ्या, लांबट छत्र्या उगवल्या होत्या. दुपारपर्यंत त्यांच्या कडा काळ्या पडून वितळायला लागल्या, संध्याकाळी तिथे नुसते शाईचे थेंब. नातवाने काडी बुडवून वहीवर स्वतःचं नाव लिहिलं. ही बुरशी या खतावर हमखास येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ढिगावर उगवलेली कुठलीही छत्री, अगदी दुकानातल्या बटन मशरूमसारखी दिसली तरी, खायची नाही. आमच्या घरात हा नियम आहे आणि मुलांना तो दोनदा सांगितलेला आहे.

श्रावण संपला तसं मी वरून ताडपत्री टाकली. कारण पाऊस खारटपणा धुतो तसाच तो पालाश आणि नत्रही धुऊन नेतो. किती दिवस भिजू द्यायचं याचं माझ्या लेखी उत्तर असं आहे: इंदूरचा निम्मा पावसाळा उघड्यावर, निम्मा झाकून.

आता अळीव. दोन पसरट झाकणं घ्यायची. एकात चाळलेलं खत, दुसऱ्यात बागेतली साधी माती. हा आपला कंट्रोल. दोन्ही सारखंच ओलं करायचं आणि प्रत्येकात अळिवाचे २० दाणे मोजून वर पसरायचे, पुरायचे नाहीत. ओले होताच दाण्यांभोवती ते चिकट आवरण येतं, त्यामुळे ते जागचे हलत नाहीत, मोजायला सोपे पडतात. वर ताटली झाकायची. तिसऱ्या दिवशी ताटली उचलायची.

शेवटची एक पिशवी मी फ्रिजशेजारी तशीच बंद ठेवली होती, त्यातलं जुनं खत आणि ढिगातलं नवं, दोन्ही लावून पाहिलं. बंद पिशवीतल्या २० पैकी सहाच दाणे फुटले होते, आणि त्यांची मुळं नखाएवढी, टोकाला तपकिरी. ढिगातल्या खतात १८ फुटले. मुळं पांढरी, लांब, भिंगातून पाहिलं तर सगळीकडे मखमली लव. साध्या मातीत १९. मी ते झाकण सासूबाईंच्या पलंगाशी नेलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हां, आता मुरलं."

आरओवाल्याने दिलेलं छोटं टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, घरात पडून होतं, तेही लावलं. एक वाटी खत, पाच वाट्या आरओचं पाणी, ढवळून तासभर ठेवायचं, फडक्यातून गाळायचं आणि मीटर बुडवायचं. बंद पिशवीतलं २४०० च्या आसपास, ढिगातलं ७०० च्या खाली. मीटर नसेल तर काही अडत नाही. अळीव पुरेसा आहे, आणि तो एकाच वेळी खारटपणाही सांगतो आणि कच्चेपणाही.

नवरात्रात वाफसा धरून वाफे केले. दोन इंच थर पसरायचा आणि वरच्या वीतभर मातीत कुदळीने मिसळायचा, यापेक्षा जास्त नाही. कुंडीत एक भाग खत आणि तीन भाग माती. या वेळी एक वाफा बिनखताचा ठेवला. आणि पहिले दोन आठवडे फक्त नर्मदेचं पाणी दिलं. नळाला एक दिवसाआड येतं, ड्रममध्ये भरून ठेवलं. बोअरच्या पाण्याने क्षार परत चढवायचे नव्हते.

सगळ्यात आधी फरक पिकात नाही, मातीत दिसला. दिवाळीनंतर खुरपं घातलं तर माती रव्याच्या लाडवासारखी फुटली, तुकडे वेगळे वेगळे. बिनखताच्या वाफ्यात तीच जुनी पाटी. काळ्या मातीचे कण इतके बारीक आणि चपटे असतात की सोडियम असलं की ते एकमेकांवर घट्ट बसतात. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमला बाजूला सारतं आणि कणांचे गोळे बांधतं. म्हणजे मशरूमवाल्याने आपला भुसा चिकट होऊ नये म्हणून जे घातलं, तेच आमच्या मातीला हवं होतं. सगळ्या गोष्टीतलं हे मला सर्वांत आवडतं. पाणीही जास्त वेळ टिकायला लागलं. त्या थंडीत आधी दिवसाआड लागायचं, ते तिसऱ्या-चौथ्या दिवसावर गेलं. गांडुळं आली.

पालक, बीट आणि कोबी उत्तम झाले. पालक-बीट तसेही खारटपणा सोसणारे आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करावी. वांगी चांगली. मेथी बिनखताच्या वाफ्यापेक्षा हातभर उंच म्हणणार नाही, पण पानं गडद आणि रुंद. यातलं नत्र सावकाश सुटतं, त्यामुळे युरियासारखी आठ दिवसांत हिरवाई चढत नाही. धीर धरावा लागतो. फरसबी मी दुसऱ्या वर्षीच लावली, आणि ती आली.

एक झाड मात्र चुकलं. अंगणातल्या अनंताला मी प्रेमाने दोन घमेली घातली. त्याची नवी पानं पिवळी पडली, फक्त शिरा हिरव्या. अनंताला आंबट माती लागते, आमची माती आधीच अल्कधर्मी, आणि या खतात केसिंगचा चुना असतो. लोह मातीत असूनही त्याला ते उचलता येईना. वरचं खत खरवडून काढलं, पानांचं खत घातलं, फेरस सल्फेटचं पाणी दिलं, तेव्हा कुठे सावरलं. अनंत, इक्झोरा असल्या झाडांना हे खत घालूच नका.

ढिंगरी (ऑयस्टर) मशरूमचं उरलेलं निराळं असतं, तो जवळजवळ नुसता भुसा. खारट कमी, पण नत्र फारच थोडं. कच्चा घातला तर कुजता कुजता मातीतलंच नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. तो झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावा, किंवा ओल्या कचऱ्याबरोबर कुजवावा. आणि विचारून घ्यावा. काहीजण भुसा गरम पाण्यात निर्जंतुक करतात, काहीजण फॉर्मेलिन आणि बुरशीनाशकाच्या पाण्यात भिजवतात. मी भाजीला पहिल्याकडचाच घेते.

एक तक्रार करायची आहे. हेच खत आता ऑनलाइन पाच-पाच किलोच्या सुंदर पिशव्यांत मिळतं. माझ्या मैत्रिणीने एका दुकानाचं मागवलं, वर 'थेट कुंडीत घाला' असं छापलेलं. आम्ही अळीव लावून पाहिला, २० पैकी चार. तिने गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या त्यात भरल्या होत्या. पैसे गेले ते गेलेच, पण तिने बाग करणं सोडलं होतं, याचा मला राग आहे. आम्ही कुंड्या उपसल्या, खत पोत्यात भरून माझ्या ढिगावर ओतलं, आणि पावसानंतर तिचं तिला परत दिलं. आता तिच्याकडे टोमॅटो आहेत.

परवा सिमरोलला पुन्हा गेले. शेड रिकामं होतंय, पिशव्यांची नवी भिंत उभी आहे. त्या मुलाला मी सगळं सांगितलं होतं, अळिवाचे फोटोही दाखवले होते. त्याने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दारालाच लावलंय: 'ताज़ी खाद है। बारिश निकालकर डालें।' खाली लहान अक्षरांत, 'पूछना हो तो पूछ लो।' यंदा मी १५ पिशव्या आणल्यात. ढिगाची जागा झाडून ठेवली आहे, आणि अळीव अर्धा किलो आणलाय, दोन्ही डब्यांसाठी.